छेद आधी बघा

एका बहुपदीला दुसऱ्या बहुपदीने भागलं की झालं रॅशनल फंक्शन. व्याख्या एवढीच. पण वर्गसमीकरणं हसतखेळत सोडवणारी मुलं अकरावीत इथे येऊन अडखळतात. वर्षानुवर्षं शिकवताना हाती लागलेल्या काही गोष्टी सांगतो. क्रम पुस्तकातला नाही.

१. अंश मागाहून. गणित हातात आलं की छेद कुठे शून्य होतो ते शोधा आणि त्या किमती पानाच्या कोपऱ्यात लिहून चौकट करा. पुढे कितीही काटाकाटी झाली तरी ती चौकट पुसायची नाही. या प्रकरणातल्या निम्म्या चुका तिथेच थांबतात.

२. छेद शून्य झाला म्हणजे आलेख आभाळाला भिडलाच असं नाही. ५/(क्ष − ३) घ्या. क्ष २.९ असताना उत्तर −५०, २.९९ ला −५००, आणि ३ ओलांडून ३.०१ ला एकदम +५००. ही झाली उभी असिम्प्टोट. आता (क्ष² − ९)/(क्ष − ३) घ्या. २.९ ला ५.९, २.९९ ला ५.९९, ३.०१ ला ६.०१. काही उसळी नाही, सरळ रेष आहे. फक्त (३, ६) हा एक बिंदू तिच्यात नाही. तिथे पोकळ वर्तुळ काढायचं. काटाकाटीनंतर उरलेलं क्ष + ३ दिसायला तेच असलं तरी ३ ला किंमत नाही ती नाहीच.

या फरकापाशी मोठमोठे थबकले आहेत. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असं लिहून टाकलं. पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटलं आणि ती अनंत मानली. वर ५ आणि खाली शून्याकडे जाणारा छेद असेल तर भास्कराचार्यांचं म्हणणं आपल्या आलेखाच्या बरंच जवळ जातं. वरखाली दोन्हीकडे शून्य असेल तर मात्र ठरीव उत्तर नाही. आजूबाजूच्या किमती कुठे चालल्या आहेत ते बघावं लागतं.

३. असिम्प्टोट कळायची असेल तर होडीच्या गणितापाशी थोडं रेंगाळा. स्थिर पाण्यात ताशी १२ किमी जाणारी होडी प्रवाहाबरोबर १६ किमी जाते आणि परत येते. एकूण ३ तास लागले, तर प्रवाहाचा वेग किती? १६/(१२ + व) + १६/(१२ − व) = ३. बेरीज केली की ३८४/(१४४ − व²) = ३, म्हणून व² = १६ आणि व = ४. जाताना १ तास, येताना २. (−४ चा अर्थ प्रवाह उलट दिशेचा, फेरीचा वेळ तोच.)

उत्तराखाली रेघ मारून मुलं वही मिटतात. मला तिथून पुढे गंमत वाटते. प्रवाह ८ चा केला तर नुसतं परत यायला ४ तास. ११ चा केला तर १६ तास. ११.९ ला १६० तास. आणि १२ ला? इंजिन धडधडतंय, होडी जागच्या जागी. १२ वरची ती उभी रेघ म्हणजे ही अडकलेली होडी. प्रवाह १३ चा धरला तर सूत्र बिनदिक्कत −१६ तास सांगतं, कारण त्याला नदी माहीत नाही. त्या वेगाला होडी मागेच वाहत जाणार. प्रश्नाला कुठल्या किमती लागू आहेत हे आपणच ठरवायचं असतं.

४. आडव्या असिम्प्टोटसाठी एसटीचं उदाहरण पुरतं. गाडी जाताना ताशी ३० ने गेली, येताना व या वेगाने आली, तर फेरीचा सरासरी वेग ६०व/(३० + व). येताना ६० ने आली तर सरासरी ४०. १२० ने आली तरी ४८. ३०० ने आली, तरी ५४.५ च्या आसपास. ६० कधीच नाही, कारण ६० च्या सरासरीला जेवढा वेळ मिळाला असता तेवढा जातानाच संपला.

कोटीचे नियम पाठ असतातच, त्यावर वेळ घालवत नाही. अंशाची कोटी छेदाहून एकाने जास्त असली तर सरळ भागाकार करा: (क्ष² + १)/(क्ष − १) म्हणजे क्ष + १ + २/(क्ष − १), तिरकी रेषा समोर आली. एक गैरसमज मात्र चिवट आहे: ‘असिम्प्टोटला आलेख कधीच शिवत नाही.’ उभीला नाही शिवत. आडवीला खुशाल ओलांडतो. क्ष/(क्ष² + १) ची असिम्प्टोट क्ष-अक्षच आहे आणि आलेख आरंभबिंदूपाशी तो पार करतो.

५. समीकरणात छेद उडवला की कोपऱ्यातली चौकट बघा. क्ष/(क्ष − ३) = ३/(क्ष − ३) + ४. छेदाने गुणलं की क्ष = ३ + ४क्ष − १२, म्हणून क्ष = ३. आणि ३ तर चौकटीत आहे! उकलच नाही. गुणण्याआधी ३/(क्ष − ३) डावीकडे आणलं असतं तर डावी बाजू १, उजवी ४. गणित तिथेच निकालात निघालं असतं. छेदाने गुणताना तो शून्य नाही हे आपण गृहीत धरतो, आणि ते गृहीतक शेवटी तपासावं लागतं.

६. असमानतेत छेदाने गुणूच नका. तो धन की ऋण हे ठाऊक नसतं. सगळं एका बाजूला आणा, एक अपूर्णांक करा आणि चिन्हं बघा. (क्ष + १)/(क्ष − २) > ३ हे आज कागदावर करून बघा. उत्तर २ आणि ३.५ च्या दरम्यान यायला हवं. नुसतं ‘३.५ पेक्षा लहान’ आलं असेल, तर छेदाने गुणलंय.