गणपतीला कोण कुठल्या रस्त्याने येणार, हे आधी कसे कळते?

प्रश्न : माझा मुलगा गणपतीला मुंबईहून रत्नागिरीला येताना कधी महाड-चिपळूणवरून येतो, तर कधी पुणे-कऱ्हाड करून कुंभार्ली घाट उतरतो. कुठून यायचे हे घरातून निघेपर्यंत त्याचेच ठरलेले नसते. मग नवा रस्ता आखताना वीस वर्षांनी त्यावरून किती गाड्या जातील, हे कशाच्या आधारावर सांगतात?
— एक वाचक, नाचणे, रत्नागिरी

उत्तर : तुमचा मुलगा यंदा कुठून येईल, हे कुठलेच गणित सांगू शकणार नाही. पण त्याच्यासारखे हजारो लोक एकदम निघाले की कुठल्या रस्त्यावर किती भार पडेल, याचा अंदाज बांधता येतो, कारण जो तो आपला वेळ वाचवायला बघतो. या हिशेबाला ‘ट्रॅफिक असाइनमेंट’ म्हणतात.

त्याच्या आधी तीन पायऱ्या असतात. प्रदेशाचे लहान विभाग पाडून कुठून किती प्रवासी निघतील, ते कुठे जातील, रेल्वे-एसटीने किती आणि स्वतःच्या गाडीने किती, हे काढतात. मुंबई महानगर प्रदेशासाठी एमएमआरडीएने २००८ मध्ये पूर्ण केलेल्या ‘ट्रान्सफॉर्म’ अभ्यासाची चौकट हीच होती. चौथी पायरी म्हणजे हे प्रवास प्रत्यक्ष रस्त्यांवर वाटणे. त्यासाठी सगळी वाहने एका मापात आणतात. एक ट्रक किंवा एसटी साधारण तीन मोटारींएवढी धरतात.

आता समजा, महाडमार्गे मोकळ्या रस्त्याला सात तास लागतात आणि कऱ्हाडमार्गे नऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत. गर्दी वाढली की वेळ किती वाढतो, याचे एक सूत्र अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ पब्लिक रोड्सने १९६४ मध्ये दिले आणि ते आजही सर्रास वापरतात. रस्ता क्षमतेइतका भरला तर वेळ १५ टक्के वाढतो. क्षमतेच्या दुप्पट गाड्या आल्या तर तो ३.४ पट होतो. म्हणजे सगळ्यांनी जवळचा म्हणून महाडचाच रस्ता धरला आणि गर्दी दुप्पट झाली, तर सात तासांचे जवळपास चोवीस तास होतील! तेव्हा संगणक काही गाड्या कऱ्हाडकडे वळवतो, दोन्हीकडचा वेळ पुन्हा मोजतो, पुन्हा वळवतो. महाडमार्गावर क्षमतेपेक्षा साधारण साडेसतरा टक्के जास्त गाड्या आल्या की तिथेही नऊ तास लागू लागतात. त्यानंतर निघणाऱ्याला लांबचा रस्ता तोट्याचा राहत नाही. रस्ता बदलून कुणाचाच वेळ वाचणार नाही, अशी स्थिती आली की हिशेब थांबतो. हा समतोलाचा नियम ब्रिटिश संशोधक जॉन ग्लेन वॉर्ड्रॉप यांनी १९५२ मध्ये मांडला.

वेळेच्या जोडीला पैसाही हिशेबात येतो. टोल किंवा फेरीबोटीचे भाडे मिनिटांत बदलून प्रवासाच्या वेळेत मिळवतात. गणेशभक्तांच्या गाड्यांना टोलमाफी दिली की घाटमार्गे येणे तेवढे स्वस्त होते आणि काही भार तिकडे सरकतो. जयगड-तवसाळ फेरीबोटीचे भाडे आणि धक्क्यावर वाट बघण्याचा वेळ यांच्या जागी पुलाची पाच मिनिटे घातली, तर गुहागरहून गणपतीपुळ्याला येणारे आतला वळसा किती प्रमाणात सोडतील, हे पूल बांधायच्या आधीच अजमावता येते. उलटही करता येते. २०२२ मध्ये रुंदीकरणासाठी परशुराम घाट दिवसा काही तास बंद ठेवला होता, तेव्हा हलकी वाहने चिरणी-कळंबस्ते मार्गाने वळवली होती. असा घाट नकाशातून पुसून हिशेब केला, की कुठल्या अरुंद रस्त्यावर गर्दी कोसळेल ते दिसते.

आपल्याकडे खरी अडचण वेगळी आहे. हिशेब कुठल्या दिवसाचा, यावर सगळे अवलंबून असते. रस्ता आखताना वर्षातल्या सगळ्यात मोठ्या गर्दीचा तास धरत नाहीत. ८,७६० तास गर्दीच्या क्रमाने लावून त्यांतला तिसावा तास धरण्याची पद्धत आहे. एरवी ती रास्त आहे. मोजक्या तासांसाठी प्रचंड रस्ता बांधणे परवडत नाही. पण कोकणात तेच मोजके तास म्हणजे वर्षभर वाट पाहिलेले घरी येणे असते. गणपतीच्या आदल्या रात्रीची गर्दी आराखड्याने मुळात अंगावर घेतलेलीच नसते. ती पेलतात कुंभार्ली आणि आंबा हे घाट आणि गावागावांतून जाणारे जोडरस्ते. म्हणून माझे ठाम मत आहे, की महामार्गाच्या आराखड्यातच या रस्त्यांची डागडुजी, दरडींचा बंदोबस्त आणि सणाच्या दिवसांचा वेगळा हिशेब असायला हवा. महामार्ग चौपदरी झाला म्हणून त्यांच्याकडे पाठ फिरवून चालणार नाही.

तुम्हीही दोन गोष्टी करू शकता. हातखंब्याला किंवा पालीला सर्वेक्षणवाल्यांनी गाडी थांबवून ‘कुठून आलात, कुठे निघालात’ विचारले, तर दोन मिनिटे देऊन नीट उत्तर द्या; साऱ्या गणिताचा पाया तोच आहे. आणि एखाद्या रस्त्याच्या प्रकल्पाची जनसुनावणी झाली, तर तिथे उभे राहून विचारा : गाड्या मोजल्या त्या कुठल्या महिन्यात, आणि घाट बंद पडला तर काय होईल याचा हिशेब केला आहे का?