खरी तालीम

(लढण्याची विद्या शिकल्याने मुले शिस्तीची होतात की दांडगट होतात? या प्रश्नाचा विचार लेखकाने या पाठात केला आहे. पाठ वाचताना तुम्हीही आपले मत तयार करा.)

मुलांनो, तुम्ही कधी पहाटे पाचगणीच्या टेबललँडवर गेला आहात का? पावसाळा संपला, की तेथील धुके हळूहळू विरते आणि ते मोठे पठार मोकळे होते. कोणी धावत असते, कोणी घोड्यावरून रपेट करत असते. एखाद्या बाजूला पांढरे पोशाख घातलेली मुले-मुली रांगेत उभी असतात. शिक्षक आज्ञा देतात आणि सर्वांचे पाय एकदम वर जातात. हा कराटेचा सराव. तो पाहताना मन प्रसन्न होते.

पण याच विद्येमुळे एकदा मला फार वाईट वाटले होते. ती हकिकत सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी एका शाळेत शिकवत होतो. तेथे आठवड्यातून तीन दिवस कराटेचा वर्ग भरत असे. एका दुपारी पाण्याच्या नळाजवळ गलका झाला. मी धावत गेलो. सहावीतला एक लहानखुरा मुलगा जमिनीवर बसून रडत होता. त्याच्या ओठातून रक्त येत होते. समोर आठवीतला एक मुलगा छाती काढून उभा होता. लहान मुलाने त्याला रांगेत पुढे घुसू दिले नाही, म्हणून त्याने लाथ मारली होती. ती लाथ तो आदल्याच आठवड्यात वर्गात शिकला होता.

संध्याकाळी शिक्षकांची बैठक झाली. एक शिक्षक म्हणाले, "मारायला शिकवाल, तर मुले मारणारच." दुसरे म्हणाले, "अहो, याच वर्गामुळे कितीतरी मुले पहाटे उठायला लागली. एकाच्या चुकीची शिक्षा सर्वांना का?" मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "वर्ग बंद करा."

माझे उत्तर बरोबर होते का? ते ठरवण्याआधी आपण आपल्याच भागातील कुस्तीकडे पाहू.

सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे जिल्हे कुस्तीसाठी प्रसिद्ध आहेत. जेथे कुस्ती शिकवतात, त्या जागेला मराठीत 'तालीम' म्हणतात. हा शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. तुमचा 'उस्ताद' मराठीत 'वस्ताद' झाला. पैलवान, कुस्ती, कसरत, खुराक हे शब्दही अरबी-फारसीतून मराठीत आले. म्हणजे ज्या शब्दाने तुम्ही शाळेतले शिक्षण ओळखता, त्याच शब्दाने मराठी माणूस आखाडा ओळखतो. ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

तालमीत गेलेल्या नव्या मुलाला पहिल्याच दिवशी डाव शिकवत नाहीत. पहाटे उठायचे, तालीम झाडायची, फावड्याने हौदातली तांबडी माती उकरायची. या मातीत हळद, ताक, तेल, लिंबाचा रस असे पदार्थ मिसळतात. मग जोर आणि बैठका काढायच्या. वस्तादांच्या पाया पडल्याशिवाय मातीत उतरायचे नाही. लढतीपूर्वी दोन्ही पैलवान एकमेकांच्या हाताला माती लावतात. 'तू माझा शत्रू नाहीस, जोडीदार आहेस,' असे जणू ते सांगतात. ज्याला केवळ मारामारीची हौस आहे, तो या कष्टांना अनेकदा कंटाळतो आणि तालीम सोडतो. जो टिकतो, त्याच्या अंगी ताकदीबरोबर धीरही येतो.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे खाशाबा जाधव. त्यांचा जन्म १९२६ साली सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब हे स्वतः पैलवान होते. त्यांनीच खाशाबांना लहानपणी कुस्तीचे धडे दिले. खाशाबांची शरीरयष्टी थोराड नव्हती. पण ते अतिशय चपळ होते. 'ढाक' या डावात त्यांचा हातखंडा होता. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून त्यांना सात हजार रुपये दिले.

हेलसिंकीत एक मोठी लांबलेली कुस्ती खेळून खाशाबा थकले होते. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळावी, असा नियम होता. तरीही त्यांना लगेच पुढच्या कुस्तीला बोलावले आणि दाद मागायला भारताचा कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. खाशाबांनी आरडाओरडा केला नाही. ते थकलेल्या अंगाने उतरले आणि ती कुस्ती हरले. तरी त्यांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. कराडला त्यांची शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवून पैसे जमवले आणि प्राचार्यांचे घर सोडवायला मदत केली. ताकद, धीर आणि कृतज्ञता या तिन्ही गोष्टी एकाच माणसात होत्या.

मग सगळेच पैलवान असे असतात का? नाही, मुलांनो. खरे ते सांगितले पाहिजे. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगर येथे 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धा झाली. त्या वेळी पंचांचा निर्णय न पटल्याने एका नामवंत मल्लाने पंचांना लाथ मारली. त्या स्पर्धेनंतर दोन मल्लांना तीन वर्षांसाठी निलंबित केल्याचे जाहीर झाले. अन्याय झाला असे खाशाबांनाही वाटले असेल. पण त्यांचा पाय पंचांवर उगारला गेला नाही. दोघांनीही वर्षानुवर्षे मातीत घाम गाळला. तरी वागण्यात एवढा फरक!

हा फरक का पडतो? अभ्यासकांनाही हा प्रश्न पडला होता. अमेरिकेतील मायकेल ट्रल्सन यांनी १९८६ साली आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी वाईट वळणाला लागलेल्या ३४ मुलांचे तीन गट केले. पहिल्या गटाला तायक्वांदो ही कोरियन विद्या जुन्या पद्धतीने शिकवली. तिच्यात नमस्कार, आदर, चिंतन आणि संयम यांचे धडे होते. दुसऱ्या गटाला फक्त मारण्याचे आणि अडवण्याचे प्रकार शिकवले. तिसरा गट धावणे, चेंडू खेळणे असा व्यायाम करत होता. सहा महिन्यांनी पाहिले, तर पहिल्या गटातील मुलांचा रागीटपणा कमी झाला होता. दुसऱ्या गटातील मुलांचा मात्र तो वाढला होता!

नॉर्वेत जवळजवळ ५०० मुलांची पाहणी झाली. ती २००५ साली प्रसिद्ध झाली. मुष्टियुद्ध, कुस्ती, कराटे यांसारखे खेळ खेळणाऱ्या मुलांमध्ये खेळाबाहेरची भांडणे आणि गैरवर्तन वाढलेले दिसले. 'मर्द म्हणजे दांडगा' असे मानणाऱ्या सोबत्यांचा आणि वातावरणाचा हा परिणाम असावा, असे त्या अभ्यासकांना वाटले.

यावरून काय समजते? केवळ डाव शिकून माणूस चांगला होत नाही आणि वाईटही होत नाही. डावाबरोबर काय शिकवले जाते, कोण शिकवतो आणि आजूबाजूला कोण आहे, यावर सारे अवलंबून असते.

ही समज जुनी आहे. शेख सादींच्या 'गुलिस्तान'मधील पैलवानाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. त्या उस्तादाला ३६० डाव येत होते. त्याने आवडत्या शिष्याला ३५९ डाव शिकवले. शिष्याला गर्व झाला. बादशहापुढे तो म्हणाला, की मी ताकदीत उस्तादापेक्षा कमी नाही. कुस्ती लागली. उस्तादाने राखून ठेवलेला एक डाव टाकला आणि शिष्याला डोक्यावर उचलून आपटले. 'वस्ताद एक डाव राखून ठेवतो,' असे आपल्याकडे म्हणतात, ते यासाठीच. मला वाटते, तो शेवटचा डाव म्हणजे नम्रता. ती ज्याला आली नाही, त्याची तालीम अपुरीच राहिली.

प्रेषित हजरत मुहंमद (स.) यांची शिकवणही तुम्हांला ठाऊक आहे. दुसऱ्याला लोळवण्यात खरे बळ नाही, तर राग आला असता स्वतःवर ताबा ठेवण्यात ते आहे, असे त्यांनी समजावले. समर्थ रामदासांनी याच सातारा-सांगली भागात मारुतीची मंदिरे उभारून बलोपासनेला उत्तेजन दिले. तो मारुतीही बलवान आहे आणि हात जोडून उभा राहणारा सेवकही आहे.

आता आमच्या शाळेकडे वळू. त्या बैठकीत कराटेचे शिक्षक शेवटी बोलले. ते म्हणाले, "चूक माझी आहे. मी लाथ आधी शिकवली. वाकून नमस्कार कशासाठी करायचा, ते सांगायचे राहून गेले. मला तीन महिने द्या."

त्यांनी त्या मोठ्या मुलाला वर्गातून काढले नाही. रोज सतरंजी घालायचे आणि गोळा करायचे काम त्याला दिले. महिनाभर त्याला एकही लाथ मारू दिली नाही. लहान मुलांना इजा न होता पडायचे कसे, हे त्याने शिकवायचे, असे ठरले. ओठ फुटलेला मुलगाही पुढे त्या वर्गात आला. पहिल्या दिवशी तो घाबरून दूर उभा राहिला. मोठ्या मुलाने मान खाली घालून त्याला म्हटले, "ये, मी तुला धरतो. पडू देणार नाही."

तो मुलगा देवदूत झाला, असे मी म्हणणार नाही. त्याला नंतरही राग येत असे. पण राग आला, की तो दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. माझे उत्तर घाईचे होते, हे मला कळले. वर्ग बंद करायचा नव्हता. तो पुरा करायचा होता.

मुलांनो आणि मुलींनो, २०२३ साली महिलांची पहिली 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धा सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली. तेव्हा ही विद्या तुम्हां सर्वांची आहे. ती जरूर शिका. मात्र शिकायला जाण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारा : लोकांनी मला घाबरावे म्हणून मी जात आहे, की माझ्याजवळ असताना कोणी घाबरू नये म्हणून?

शब्दार्थ

दांडगट – दुसऱ्यांना त्रास देणारा, मारकुटा
गलका – गोंगाट
लहानखुरा – अंगाने लहान
हौद – (येथे) कुस्तीची माती असलेला खड्डा
थोराड – मोठ्या बांध्याचा
मल्ल – पैलवान
बलोपासना – शरीर बळकट करण्याची साधना

वाक्प्रचार : हातखंडा असणे – कौशल्य असणे, दाद मागणे – न्याय मागणे, ताबा ठेवणे – आवरणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) खाशाबा जाधव यांचा जन्म कोठे झाला?
(आ) प्राचार्य खर्डेकरांनी खाशाबांना मदत कशी केली?
(इ) शेख सादींच्या गोष्टीतील उस्तादाने किती डाव राखून ठेवले?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) तालमीत नव्या मुलाला कोणती कामे करावी लागतात?
(आ) ट्रल्सन यांच्या प्रयोगातील पहिल्या दोन गटांत कोणता फरक दिसला?

प्र. ३. कोण म्हणाले, ते लिहा.
(अ) "वर्ग बंद करा."
(आ) "ये, मी तुला धरतो. पडू देणार नाही."

प्र. ४. तालीम, कसरत, खुराक, मैदान हे शब्द उर्दूत कोणत्या अर्थांनी वापरतात? प्रत्येकाचे एक मराठी वाक्य तयार करा.

प्र. ५. तुम्ही त्या बैठकीत असता, तर काय म्हणाला असता? पाच-सहा ओळी लिहा.

उपक्रम : जवळच्या तालमीला भेट द्या आणि वस्तादांना त्यांच्या तालमीचे नियम विचारून वहीत लिहा.