खरंच दिसलं का?

दिवाळी जवळ आली, वार्षिक परीक्षेचा निकाल लागला किंवा चंद्रावर एखादं यान उतरलं, की कुणी ना कुणी आई किंवा बाबा विचारतात, “लेकीला दुर्बीण घ्यायची आहे. फार महाग नको. कोणती घेऊ?” हा प्रश्न ऐकून मला फार आनंद होतो. म्हणूनच घाईनं उत्तर द्यावंसं वाटत नाही.

अनेक घरांत काय होतं ते सांगते. दोन-तीन हजारांची दुर्बीण घरी येते. खोक्यावर शनीचा झळझळीत रंगीत फोटो असतो. पहिल्याच संध्याकाळी सगळं घर गच्चीवर जमतं. बाबा बराच वेळ खटपट करून चंद्र पकडतात, मुलाला हाक मारतात, तेवढ्यात स्टँडला धक्का लागतो. मूल एक डोळा मिटून आत पाहतं, तर आत नुसता अंधार. मागे आजी उभी, ताई उभी, सगळे विचारतायत, “दिसला का?” आणि मूल म्हणतं, “हो, दिसला.”

वाया गेलेल्या पैशांपेक्षा मला या ‘हो’चं जास्त वाईट वाटतं. दुर्बीण हलकी आहे हे मुलाला कळत नाही. आपल्यालाच पाहता येत नाही, असं ते धरून चालतं. पुढच्या वेळी गच्चीवर यायला कंटाळा करतं आणि आपण म्हणतो, ‘याला आवडच नाही.’ म्हणून खरेदी करताना एवढंच विचारा: या दुर्बिणीतून माझ्या मुलाला, माझ्या मदतीशिवाय, काही दिसेल का?

खोक्यावर ‘५२५ पट मोठं’ असं लिहिलेलं असेल तर ती दुर्बीण खुशाल परत ठेवा. भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुप्पट वर्धन कामाचं असतं. म्हणजे ६० मिलिमीटरच्या भिंगाला १२० पट ही फार तर मर्यादा झाली. त्यापुढे प्रतिमा मोठी होते, पण अंधूक आणि फुगीर होत जाते. शिवाय पृथ्वी फिरते आहे. ५० पट वर्धनाला एखादा ग्रह दृष्टिक्षेत्र ओलांडायला चारेक मिनिटं घेतो. तेच ३०० पटीला मिनिटभरसुद्धा टिकत नाही. सात वर्षांच्या मुलाला तेवढ्यात डोळा जागेवर आणणंही जमत नाही.

वर्धन किती, यापेक्षा भिंगाचा किंवा आरशाचा व्यास किती, हे विचारा. पावसात अंगणात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाणी कशात जास्त साठेल? प्रकाशाचंही तसंच. अंधाराला सरावलेल्या डोळ्याची बाहुली साधारण ७ मिलिमीटर उघडते. ७० मिलिमीटरचं भिंग तिच्या शंभरपट प्रकाश गोळा करतं. आणि दुकानात दुर्बीण जोडायला लावून नळीवर हलकेच टिचकी मारून पाहा. थरथर दोन-तीन सेकंदांत थांबली नाही, तर भिंग कितीही चांगलं असो, घेऊ नका. स्वस्त दुर्बिणीत सगळ्यात आधी काटकसर होते ती स्टँडवर.

पण दुकानात जाण्याआधी मुलांना घेऊन एखाद्या आकाशदर्शनाला जा. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था हे काम करते आहे. मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम करतं. गोव्यात असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी आहे. तिथे वेगवेगळ्या दुर्बिणींतून पाहता येतं, मालकांना प्रश्न विचारता येतात आणि मुलाचा चेहराही पाहता येतो. ते कुठल्या दुर्बिणीपाशी परत परत गेलं, हे लक्षात ठेवा.

बजेट दहा हजारांच्या आत असेल, तर मी दुर्बिणीऐवजी चांगला बायनॉक्युलर सुचवीन, १० बाय ५० किंवा ७ बाय ५०. काहींना हे ऐकून हिरमुसायला होतं, पण मी मनापासून सांगते. दोन्ही डोळ्यांनी पाहता येतं, चित्र सुलटं दिसतं, जोडाजोडी नाही. कृत्तिकांचा पुंजका त्यात जितका सुंदर दिसतो, तितका मोठ्या दुर्बिणीतही दिसत नाही, कारण तिथे तो एका नजरेत मावतच नाही. मृगाच्या पट्ट्याखालचा तेजोमेघ दिसतो. अंधाऱ्या गावी गेलात तर देवयानी दीर्घिकेचा पुसट ढग दिसतो, २५ लाख प्रकाशवर्षांवरचा. हात स्थिर टेकवले तर गुरूचे चंद्रही.

दुर्बीणच हवी असेल तर ७० मिलिमीटरची भिंगाची, भक्कम स्टँडची. थोडे जास्त पैसे साठवता आले तर ११४ किंवा १३० मिलिमीटर आरशाची, टेबलावर ठेवायची डॉब्सोनियन. ही रचना ज्यांच्या नावानं ओळखली जाते ते जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत सोसायटीच्या मठात साधू होते. जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून त्यांनी आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या आणि लाकडी खोकी वापरली, आणि पुढे फुटपाथवर दुर्बीण मांडून येणाऱ्याजाणाऱ्यांना चंद्र दाखवला. पैसे भिंगा-आरशात जावेत, थाटात नाही, हा त्यांचा आग्रह आपल्या घरांना फार जवळचा आहे. अशी दुर्बीण स्टुलावर ठेवली की मूल स्वतः ढकलून ती फिरवू शकतं. आपोआप तारा शोधणारी मोटार मात्र पहिल्या दुर्बिणीला नको. त्या पैशात व्यास वाढवा, आणि शोधण्याची मजा मुलाकडे राहू द्या.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: खोक्यावरचे रंग दिसणार नाहीत. तेजोमेघ राखाडी दिसतो. शनी वाटाण्याएवढाही नसतो, पण त्याची कडी खरी असतात. २०२५ मध्ये ती आपल्याला अगदी कडेनं दिसली. आता दरवर्षी थोडी थोडी उघडत जातील. चंद्र पौर्णिमेला नाही, शुद्ध पंचमी ते दशमीत दाखवा, म्हणजे विवरांच्या सावल्या लांब पडतात. सप्तर्षीतले वसिष्ठ-अरुंधती आजीला नुसत्या डोळ्यांनी ओळखायला सांगा, मग दुर्बीण लावा: वसिष्ठ स्वतःच दोन तारे निघतो. दिवसभर तापलेल्या स्लॅबवरून गरम हवा वर येते आणि प्रतिमा उकळल्यासारखी हलते. अंगण असेल तर अंगणातच मांडा, आणि अर्धा तास आधी बाहेर ठेवा.

आता मुलाला विचारायचं कसं? “दिसलं का?” असं नाही. “किती ठिपके दिसले? कुठल्या बाजूला?” असं विचारा आणि वहीत काढायला लावा. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओनं गुरूशेजारचे ठिपके असेच रात्रीमागून रात्री टिपले होते. ते ठिपके म्हणजे गुरूचे चंद्र. त्यांतला आयो पावणेदोन दिवसांत गुरूभोवती फिरतो, त्यामुळे दुसऱ्या रात्रीचं चित्र वेगळं येतंच. “नाही दिसलं” असं मूल म्हणालं, तर शाबासकी द्या आणि पुन्हा जुळवा. लांबचं-जवळचं पाहण्याचा साधा चष्मा असेल तर काढून फोकस करू द्या.

सूर्याबाबत मात्र कडक राहा. आयपीसला, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाला, लावायची काळी काच दुर्बिणीबरोबर आली असेल तर ती आजच टाकून द्या. एकवटलेल्या उष्णतेनं ती तडकते आणि डोळा क्षणात जातो. सूर्यासाठीचा फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडाला बसतो, आणि तेव्हा नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीवरही झाकण हवं. दिवसा दुर्बीण कपाटात.

पावसाळ्यात तर तिथेच राहील, तेव्हा सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, विशेषतः मुंबई-कोकणात. भिंगावर बुरशी चढली की उतरत नाही. धूळ रुमालानं पुसू नका, फुंकणीनं उडवा. दसऱ्यानंतर आकाश निवळलं की रात्री साडेनऊच्या सुमारास पूर्वेला कृत्तिका वर आलेल्या असतील. सुरुवात तिथून करा.