टर्मिनलवरून छापताय? आधी एक प्रत काढा

कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३:३० उघड्यावर काम करायला बंदी असते. पूर्वी ही बंदी १५ जून ते ३१ ऑगस्ट आणि तीही ११:३० ते ३ एवढीच होती. २०२१ च्या निर्णयानं ती वाढली. त्याच निर्णयात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आली. वेट बल्ब ग्लोब तापमान ३२.१ अंशांवर गेलं की घड्याळात कितीही वाजलेले असोत, काम थांबवायचं. हे सगळं मजुराला कळतं ते साईटवरच्या नोटिशीतून, आणि ती नोटीस त्याला वाचता आली तरच.

मी दोह्यात एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोल सांभाळतो. ड्रॉइंग, टाइमशीट, परवाने, नोटिशी असं सगळं लिनक्स सर्व्हरवर असतं आणि साईटच्या केबिनमधले प्रिंटर नेटवर्कवर जोडलेले. दर प्रिंटरसमोर माणूस बसवणं शक्य नाही. त्यामुळे सर्व्हरवर लॉगिन करायचं, एलपी कमांड द्यायची आणि पन्नास किलोमीटरवरच्या केबिनमध्ये कागद पडायचा, अशी आमची पद्धत. पद्धत उत्तम आहे, आजही मी तिचाच पुरस्कार करीन. पण ती वापरणाऱ्याला काही गोष्टी ठाऊक असायलाच हव्यात.

एका मे महिन्याच्या अखेरीस उन्हाळी वेळांच्या नोटिशी रात्रीच्या स्क्रिप्टनं सगळ्या साईटना पाठवल्या गेल्या. अरबी, इंग्रजी, हिंदी, नेपाळी अशा चार साध्या टेक्स्ट फाईल होत्या. टर्मिनलवर चारही व्यवस्थित दिसत होत्या. प्रत्येक फाईलमागे ‘रिक्वेस्ट आयडी इज’ असं उत्तर आलं, लॉगमध्ये एकही चूक नोंदलेली नव्हती. सकाळी एका साईटवरच्या नेपाळी फोरमनचा फोन आला. नोटीस फळ्यावर लागली आहे, पण ती कुणालाच वाचता येत नाही. मी फोटो मागवला. ‘विश्राम’ या शब्दातली वेलांटी व च्या पुढे जाऊन पडली होती, श चा पाय मोडून हलंत वेगळा उभा होता, र त्याच्या शेजारी सुटा. काही ओळींत तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. अरबी कागदावर अक्षरं एकमेकांपासून तुटलेली. इंग्रजी तेवढी स्वच्छ. म्हणजे ज्यांना उन्हात उभं राहावं लागतं, नेमक्या त्यांच्याच भाषेतली नोटीस निकामी झाली होती.

याचं कारण समजून घ्या, कारण मराठी छापतानाही हेच होतं. साध्या टेक्स्ट फाईलमध्ये फॉन्ट नसतो, फक्त अक्षरांचे क्रमांक असतात. देवनागरीत ‘वि’ साठवताना आधी व येतो आणि मग वेलांटी. ती व च्या आधी काढायची, श, हलंत आणि र मिळून ‘श्र’ करायचा, हे दाखवणाऱ्या प्रोग्रामचं काम. आपल्या टर्मिनलनं ते केलं म्हणून स्क्रीनवर सगळं ठीक दिसलं. पण लिनक्सवर छपाई सांभाळणाऱ्या कप्सचा टेक्स्ट फिल्टर बऱ्याच मशीनवर एका क्रमांकाला एक घर देऊन अक्षरं ओळीनं मांडत जातो. जोडाक्षर जुळवणं त्याला येत नाही. जुनी एन्स्क्रिप्ट कमांड तर यूटीएफ-८ मानतच नाही. म्हणून स्क्रीनवर दिसतंय तेच कागदावर येईल हे गृहीत धरू नका.

उपाय अवघड नाही. पॅप्स नावाची छोटी कमांड पँगो ही लायब्ररी वापरते आणि पँगोला देवनागरी व अरबी दोन्ही नीट जुळवता येतात. त्याहून माझ्या भरवशाचा मार्ग म्हणजे मजकुराची आधी पीडीएफ करणं. लिबरऑफिस खिडकी न उघडता, हेडलेस पद्धतीनं, टर्मिनलवरूनच फाईलची पीडीएफ करून देतं. मात्र त्या सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट हवा. एफसी-लिस्टला भाषा म्हणून एमआर, एचआय किंवा एनई दिलं की त्या भाषेचे कोणते फॉन्ट आहेत ते कळतं; यादी रिकामी आली तर नोटो किंवा लोहित बसवून घ्या. पीडीएफ झाली की तिच्यावर पीडीएफफॉन्ट्स चालवा. फॉन्ट फाईलमध्ये एम्बेड झालेला असेल, तर तो प्रिंटरकडे असो वा नसो, काही बिघडत नाही. तरीही पीडीएफ एकदा डोळ्यांनी बघायचीच.

‘रिक्वेस्ट आयडी’ या उत्तराबद्दलही गैरसमज फार आहे. त्याचा अर्थ एवढाच, की काम रांगेत घेतलं. कागद निघाला का, बरोबर निघाला का, कुठे निघाला, यातलं काहीही ते सांगत नाही. ‘कुठे’ हा प्रश्न तर सर्वांत नाजूक. तुम्ही एलपीऑप्शन्सनं ठरवलेला नेहमीचा प्रिंटर तुमच्या होम फोल्डरमध्ये नोंदला जातो. तीच स्क्रिप्ट ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमधून रूटच्या नावानं चालली की ती तुमची नोंद पाहत नाही. सर्व्हरचा स्वतःचा ठरलेला प्रिंटर घेते. पगाराच्या पावत्या याच कारणानं स्वागतकक्षातल्या प्रिंटरवर पडलेल्या मी पाहिल्या आहेत. एलपीस्टॅट डॅश डी विचारून घ्यावं, आणि स्क्रिप्टमध्ये तर प्रिंटरचं नाव प्रत्येक ओळीत स्पष्ट लिहावं.

नाव लिहितानाही जपून. युनिक्सच्या दोन घराण्यांनी दोन कमांड दिल्या: सिस्टिम फाइव्हची एलपी आणि बर्कलीची एलपीआर. कप्सनं दोन्ही ठेवल्या, पण अक्षरांचे अर्थ वेगळेच राहिले. एलपीआरमध्ये कॅपिटल पी म्हणजे प्रिंटरचं नाव. एलपीमध्ये तोच कॅपिटल पी म्हणजे कोणती पानं छापायची ते, आणि प्रिंटरसाठी डॅश डी. एलपीआरला डॅश आर दिलं तर फाईल रांगेत जाताच मूळ जागेवरून पुसली जाते. फोल्डर कॉपी करताना डॅश आर देण्याची बोटांना सवय असते. आमच्याकडे नव्यानं आलेल्या एका मुलाच्या हातून त्या सवयीनं आठवड्याच्या टाइमशीट गेल्या. बॅकअप होता म्हणून मजुरांचे ओव्हरटाइमचे तास वाचले. मला विचाराल तर ऑफिसातल्या सगळ्यांनी एकच कमांड वापरावी, आणि ती एलपी.

कागदाच्या मापाचं थोडक्यात सांगतो. भारतात आणि कतारमध्ये आपण ए-४ वापरतो, २१० बाय २९७ मिलिमीटर. पण सर्व्हर अमेरिकन इंग्रजी निवडून उभा केला असेल तर रांगेचं ठरलेलं माप लेटर असू शकतं, २१५.९ बाय २७९.४. मग प्रिंटर लेटर कागद मागत अडून बसतो, नाहीतर तळाच्या ओळी कापल्या जातात. एलपीऑप्शन्स डॅश एल दिलं की प्रत्येक ठरलेल्या पर्यायापुढे चांदणी दिसते. तिथे माप तपासा आणि कमांडमध्ये मीडिया ए-४ असं स्वतः लिहा. ड्रॉइंग छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय मुळीच नको. १:१०० चं ड्रॉइंग थोडं आक्रसलं तरी त्यावर पट्टी ठेवणाऱ्याचं मोजमाप चुकतं.

प्रिंटर अडला की लोक काय करतात? तीच कमांड पुन्हा देतात, मग आणखी एकदा. रांग थांबलेली असते, कामं साठत जातात, आणि कुणीतरी कप्सएनेबल दिलं की सगळ्या प्रती एकामागून एक बाहेर पडतात. आधी एलपीस्टॅट डॅश पी नं प्रिंटर थांबलाय का ते बघा, डॅश ओ नं रांग बघा, जादा कामं कॅन्सलनं काढा, मगच रांग सुरू करा.

पासपोर्ट आणि कतार आयडीच्या प्रती छापणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. कागद उचलला की विषय संपत नाही. ठरलेल्या मांडणीत कप्स छापून झालेली फाईलही एक दिवस आपल्या स्पूल फोल्डरमध्ये ठेवतं. दुसऱ्याच्या ओळखीची कागदपत्रं आपल्या हातात असताना हा काळ कमी करून घेणं ही आपली जबाबदारी आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्याला प्रिझर्व्हजॉबफाइल्स हे नाव सांगितलं की पुरतं. त्याच वेळी त्याला नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणाऱ्या कप्स-ब्राउज्ड या सेवेबद्दलही विचारा. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यातल्या त्रुटी जाहीर झाल्या: बाहेरचा कुणीही ६३१ क्रमांकाच्या पोर्टवरून खोटा प्रिंटर घुसवू शकत होता, आणि तुम्ही त्यावर काही छापलंत की त्याची कमांड तुमच्या मशीनवर चालत होती. गरज नसेल तिथे ती सेवा बंदच ठेवावी.

त्या मे महिन्यानंतर आमच्या कामाची रीत बदलली. स्क्रिप्ट आधी पीडीएफ करते, फॉन्ट तपासते आणि प्रत्येक भाषेची एकच प्रत आमच्या केबिनमधल्या प्रिंटरवर काढते. नेपाळी प्रत नेपाळी वाचणारा माणूस वाचतो, अरबी प्रत अरबी वाचणारा. त्यांनी होकार दिला की मगच साईटच्या प्रिंटरना काम जातं. याला थोडा वेळ लागतो आणि तो द्यायला हवा.

आखातात तुमच्यापैकी जे कुणी अशा नोटिशी, वेळापत्रकं, सुरक्षेच्या सूचना छापत असतील, त्यांनी यंदा मे महिना संपायच्या आत हे एकदा करून बघा. हिंदी आणि नेपाळी प्रत छापा, ती घेऊन साईटवर जा, आणि ज्याच्यासाठी ती आहे त्याला मोठ्यानं वाचायला सांगा.