गाईचा चीक

गाय व्याली की ती आधी वासराला चाटते. ते उगीच नव्हे, बरं का! चाटल्याने वासराचे अंग कोरडे होते, अंगात रक्त खेळते. मग ते धडपडत उभे राहते आणि कास शोधू लागते.

कासेत तेव्हा चीक असतो, घट्ट आणि पिवळसर. पुष्कळ ठिकाणी म्हणतात, "वार पडू द्या, मग पाजा." आम्हीही लहानपणी हेच ऐकले. पण ते खरे नाही. वार पडायला कधी आठ-दहा तास लागतात. तोवर वासरू उपाशी! उलट वासरू लुचले, की वार पडायला मदतच होते.

जन्मतः वासराच्या अंगी रोगाशी झुंजण्याचे बळ जवळजवळ नसतेच. ते बळ आई चिकातून देते. पण वासराचे आतडे ते पहिले काही तासच नीट शोषून घेते. २४ तासांनी पाजलेला चीक पोट भरतो, ते बळ देत नाही. म्हणून पहिल्या एक-दोन तासांतच पाजावे. वासरू २५ किलोचे असेल, तर पहिल्या दिवसात अडीच किलो चीक थोडाथोडा करून त्याच्या पोटात जावा.

खरवस आम्हालाही आवडतो. दुसऱ्या दिवशीच्या चिकाचाही तो होतो. जरा मऊ होतो, इतकेच.