दोनाचे पाच फायरबॉल

प्रश्न : आमच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या खेळात स्पेल स्लॉट काढून मी मंत्रगुण आणले. आता विझर्ड प्रत्येक लढाईत फायरबॉलच टाकतो आणि तलवारवाले नुसते बघत बसतात. काय बदलू?

उत्तर : फायरबॉलला हात लावू नका, गडबड हिशेबात आहे. पाचव्या आवृत्तीत पाचव्या पातळीच्या विझर्डकडे पहिल्या स्तराचे ४, दुसऱ्याचे ३ आणि तिसऱ्याचे फक्त २ स्लॉट असतात. २०१४ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मधल्या पर्यायी नियमाने त्यांचे २७ गुण होतात आणि तिसऱ्या स्तराचा मंत्र पडतो ५ गुणांना. म्हणजे दोनाऐवजी पाच फायरबॉल, प्रत्येकी सरासरी २८ इजा! छोटे मंत्र मग कोण कशाला वापरेल?

त्याच नियमात सहाव्या स्तरापासून पुढे प्रत्येक स्तराचा मंत्र लाँग रेस्टपर्यंत एकदाच, असं बंधन आहे. तेच खाली ओढा : हाती असलेला सर्वांत वरचा स्तर दिवसातून दोनदाच. फायरबॉलचे गुण वाढवण्याचा उपाय मला पटत नाही. मग त्याच स्तराच्या बाकी मंत्रांचंही नव्याने मोल ठरवत बसावं लागतं.

आणि हो, दिवसाला एकच लढाई ठेवत असाल, तर स्लॉट परत आणूनही विझर्डच भारी ठरेल. दोन लाँग रेस्टच्या मध्ये चार-पाच चकमकी तरी येऊ द्या.