मुलांचे मनःस्वास्थ्य आणि शिक्षकाचे कर्तव्य

आपल्या कणकवली तालुक्यात गौरी-गणपतीचा सण आटोपला, की चाकरमानी मुंबईस परततात. भरलेली घरे पुन्हा रिकामी होतात आणि मागे आजी व नातवंडे तेवढी उरतात. त्याच आठवड्यात एखादा मुलगा वर्गात येऊन म्हणतो, “गुरुजी, पोटात दुखता.” अशा मुलास वैद्याकडे पाठवावेच, परंतु जे दुःख बालकास शब्दांत मांडता येत नाही, ते पुष्कळदा अशा शारीरिक तक्रारीच्या रूपाने प्रकट होते, हेही शिक्षकाने ओळखले पाहिजे.

मनोविकारांपैकी सुमारे एकतृतीयांशांचा आरंभ वयाच्या १४ व्या वर्षापूर्वी होतो, असे संशोधनान्ती आढळले आहे. दारिद्र्य, घरातील व्यसन व मारहाण, आईबापांचा दीर्घ वियोग ही त्यांस पोषक अशी कारणे होत. ती दूर करणे शिक्षकाच्या हाती नाही. तथापि त्यांचा भार हलका करणे त्यास शक्य आहे. हवाई द्वीपसमूहातील कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या सुमारे ७०० बालकांचा अनेक दशके अभ्यास करण्यात आला. अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत वाढलेल्या बालकांपैकी सुमारे एकतृतीयांश बालके पुढे समर्थ व समाधानी निघाली. त्यांच्यापैकी पुष्कळांना आजी, शेजारी किंवा शिक्षक असे निदान एक तरी भरवशाचे माणूस लाभले होते.

हे ध्यानी घेऊन शिक्षकबंधुभगिनींनी पुढील गोष्टी कराव्यात :

(१) छडी व अपमान पूर्णपणे वर्ज्य करावेत. शिक्षणहक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई आहे. जात, रूप वा तोतरेपणा यांवरून मुले एकमेकांस चिडवीत असतील, तर तेही तत्काळ थांबवावे.

(२) हजेरी घेताना मुलाच्या चेहऱ्याकडे पाहावे. बोलके मूल अबोल झाले, डबा तसाच परत नेऊ लागले किंवा वारंवार गैरहजर राहू लागले, तर त्याची नोंद ठेवावी व एकान्तात मायेने विचारपूस करावी.

(३) गावची शाळा सोडून मूल दूरच्या विद्यालयात जाते, तो काळ नाजूक असतो. तेथील शिक्षकांस त्याची माहिती आधीच द्यावी.

(४) निदान करणे हे आपले काम नव्हे. उदासीनता दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास पालकांस सांगून प्राथमिक आरोग्य केंद्राचा सल्ला घ्यावा. १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’चे मोफत साहाय्य अहोरात्र मिळते. मुलाने जगणे नकोसे झाल्याचे बोलून दाखविल्यास मात्र त्यास क्षणभरही एकटे सोडू नये. त्याच दिवशी पालक व डॉक्टर यांना गाठावे.

या कामास निराळा तास नको, की निराळे अनुदान नको. पोट दुखते म्हणणाऱ्या त्या मुलास मधल्या सुट्टीत जवळ बसवून, “बाबांचा फोन आला होता का रे?” एवढे विचारावे. आरंभ तेथूनच होतो.